आधी ग्रह, मग जीव

परग्रहावरचा जीव काढायला सांगितला की बहुतेकांचा हात आधी डोळ्यांकडे वळतो. तीन डोळे, हिरवी कातडी, डोक्यावर दोन शिंगं. जीव आधी तयार होतो आणि त्याला राहायला ग्रह मागाहून मिळतो. ही रीत फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या लुशियनने चंद्रावरचे लोक असेच रचले होते. ते वाचायला मौज वाटते, पण चंद्राऐवजी समुद्रातलं एखादं बेट असतं तरी गोष्टीत काही बिघडलं नसतं. याच्या नेमकी उलटी रीत म्हणजे आधी ग्रहाचं गुरुत्व, दिवसाची लांबी आणि हवा ठरवायची, आणि मग त्यात कोण जगू शकेल ते शोधायचं. माझं मन या दुसऱ्या रीतीवर जडलेलं आहे, आणि तिचं कूळ थेट योहानेस केप्लरपर्यंत जातं.

चंद्रावरून आकाश कसं दिसेल, हा प्रश्न केप्लरने विद्यार्थिदशेतच, १५९३ साली, हाताळला होता. पुढे १६०९च्या सुमारास त्याने त्याची गोष्ट केली: ‘सोम्नियम’, म्हणजे स्वप्न. चंद्रावर जवळपास चौदा दिवस सलग ऊन आणि चौदा दिवस सलग रात्र असते. मग तिथे राहणाऱ्याने काय करावं? केप्लरचे चंद्रवासी एका जागी गाव वसवत नाहीत. ओसरणाऱ्या पाण्यामागे ते टोळ्यांनी फिरतात. कुणी उंटापेक्षाही लांब पायांनी, कुणी पंखांनी, कुणी नावेतून. उन्हाच्या वेळी गुहेत शिरतात, नाहीतर खोल पाण्यात बुडी मारतात. त्यांची कातडी जाड आणि सच्छिद्र असते. वाढ झपाट्याने होते आणि आयुष्य थोडं असतं. यातलं आज काही खरं ठरत नाही, कारण चंद्रावर हवाही नाही आणि वाहतं पाणीही नाही. तरी प्रत्येक अवयवामागे कारण दिलेलं आहे, आणि ते कारण चंद्राच्या दिवसात आहे. त्याआधीच्या लिखाणात मला हे कुठे सापडत नाही.

या गोष्टीची किंमत घरच्यांना मोजावी लागली. कथानायकाची आई जडीबुटी विकणारी, अदृश्य शक्तींशी बोलणारी बाई आहे. हस्तलिखित फिरत होतं, आणि १६१५पासून केप्लरच्या खऱ्या आईवर, काथारीनावर, चेटकीण असल्याचा आळ आला. चौदा महिने ती कैदेत होती. केप्लरने स्वतः तिचा बचाव लढवला. १६२१ साली ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली. आपल्या लिखाणाने अफवेला खतपाणी घातलं, असं त्याला वाटत राहिलं. उरलेल्या आयुष्यात त्याने त्या छोट्याशा गोष्टीला २२३ टिपा जोडल्या. पुस्तक छापून आलं ते १६३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

केप्लरनंतर ही रीत बराच काळ अर्धीच चालली. ख्रिस्तियान हायगेन्सचा ‘कॉस्मोथेओरॉस’ हा ग्रंथही मरणोत्तर, १६९८ साली, निघाला. गुरू आणि शनीला इतके चंद्र आहेत तर तिथले खलाशी त्यांचा वापर करत असणार. खलाशी म्हटले की जहाजं आली, शिडं, नांगर, दोर, कप्प्या आल्या. तर्काची साखळी सुरेख आहे, पण तिच्या टोकाला हॉलंडचं बंदर उभं राहतं. ग्रह बदलला, पण त्यावरचा माणूस काही बदलला नाही. बदलण्याचं साधनच तेव्हा नव्हतं. परिस्थिती शरीर कसं घडवते, हे सांगणारा डार्विनचा ग्रंथ यायला १८५९ उजाडावं लागलं.

एच. जी. वेल्स लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये डार्विनचा खंदा पाठीराखा टी. एच. हक्सली याच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला होता, आणि त्याच्या मंगळवासीयांत ते शिक्षण दिसतं. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९७ साली मासिकातून क्रमशः आली. मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम ३८ टक्के, म्हणून इथे उतरल्यावर त्या प्राण्यांना स्वतःचंच शरीर उचलवत नाही. ते धापा टाकतात, रांगतात. मंगळावर जंतू नाहीत, म्हणून अखेर ते पृथ्वीच्या जंतूंनी मरतात. त्यांची ताकद, त्यांची कमजोरी आणि त्यांचा मृत्यू, तिन्ही त्यांच्या ग्रहाने ठरवले आहेत. फक्त त्या ग्रहावरचं त्यांचं रोजचं जगणं आपल्याला कधी दिसत नाही.

ते दाखवलं स्टॅन्ली वाइनबॉमने. ‘अ मार्शन ऑडिसी’ ही त्याची कथा जुलै १९३४च्या ‘वंडर स्टोरीज’मध्ये आली, आणि पुढच्या वर्षाअखेर, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो गेला. त्या कथेतला ट्वील हा शहामृगासारखा दिसणारा जीव जास्त गाजला, पण माझा जीव अडकला आहे तो पिरॅमिड बांधणाऱ्यात. मंगळाच्या वाळवंटात पिरॅमिडांची एक रांग आहे. सुरुवातीचे अगदी लहान, माथे फुटलेले, आणि पुढे जावं तसे मोठे. शेवटच्या पिरॅमिडमधून एक प्राणी बाहेर येतो, थोडं पुढे जाऊन बसतो आणि दर दहा मिनिटांनी तोंडातून एक वीट काढून शेजारी ठेवतो. वाइनबॉम रसायन शिकलेला होता. आपल्या शरीरात कार्बन जळतो आणि वायू बाहेर पडतो, तो श्वासावाटे जातो. सिलिकॉनचं शरीर असेल तर तिथे वायू नाही, सिलिका तयार होईल, म्हणजे वाळूचं द्रव्य, घन! ते विटेच्या रूपानेच बाहेर येणार. विटा रचत रचत प्राणी आत बंद होतो, भिंत फोडून निघतो, पुढे नवी रास सुरू करतो. त्याला ना घर हवं असतं, ना देऊळ. तो नुसता श्वास सोडतो आहे. रसायनाच्या एका समीकरणातून एवढं जगणं उभं राहिलं.

रीत पूर्णत्वाला नेली ती मात्र शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. हॅरी क्लेमंट स्टब्ज हे हार्वर्डचे खगोलशास्त्राचे पदवीधर. दुसऱ्या महायुद्धात ते बी-२४ बाँबफेकी विमान चालवत, आणि नंतर मॅसॅच्युसेट्समधल्या मिल्टन अकॅडमीत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. लिखाण ते हॅल क्लेमंट या नावाने करत. १९४३ साली के. ए. स्ट्रँड या खगोलशास्त्रज्ञाने जाहीर केलं की हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नाय या जोडताऱ्याजवळ गुरूच्या सुमारे सोळापट वस्तुमानाचं काहीतरी फिरतं आहे. तो शोध पुढे टिकला नाही. पण क्लेमंटनी तो आकडा उचलला आणि विचारलं: इतक्या जड ग्रहावर माणूस पाय कसा ठेवेल? ग्रह गरगर फिरवला तर! मेस्क्लिन नावाचा त्यांचा ग्रह अठरा मिनिटांच्या आत स्वतःभोवती एक फेरी पुरी करतो. त्यामुळे तो थालीपिठासारखा चपटा झाला आहे. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवावर सुमारे ७००पट. समुद्र मिथेनचे, हवा हायड्रोजनची.

‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी १९५३ साली ‘अस्टाउंडिंग’ मासिकातून क्रमशः आली. त्याच वर्षी त्याच मासिकात क्लेमंटनी एक लेख लिहून ग्रह कसा रचला, त्याचा सगळा हिशेब वाचकांपुढे मांडला. त्यांच्या मते हा लेखक आणि वाचक यांच्यातला खेळ होता: लेखकाने चूक न करता जग रचायचं, वाचकाने चूक काढायची. वाचकांनीही तो मनापासून खेळला. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा गणित केलं आणि ग्रहाचा आकारच वेगळा निघाला. क्लेमंटनी ते आनंदाने मान्य केलं. ध्रुवावरचं गुरुत्व नंतर त्यांच्या स्वतःच्या हिशेबातही बरंच कमी भरलं.

पण मेस्क्लिनचं मोठेपण आकड्यांत नाही. तिथला बार्लेनन हा हातभर लांबीचा, गोमेसारखा, खूप पायांचा जीव म्हणजे एका जहाजाचा कप्तान आहे. ७००पट वजनात सपाट अंग आणि पुष्कळ पाय हवेत, इथपर्यंत कुणीही हुशार लेखक पोहोचला असता. क्लेमंट पुढे गेले आणि मनात शिरले. ध्रुवाकडच्या प्रदेशात वीतभर उंचीवरून पडलं तरी मरण. म्हणून बार्लेननच्या जमातीला उंचीचं भय रक्तातून आलेलं आहे. डोक्यावर काहीही असणं त्यांना सोसत नाही. फेकणं ही कल्पनाच त्यांना माहीत नाही. हातातून सुटलेली वस्तू नजरेला दिसण्याआधी जमिनीवर असते. पृथ्वीवरचा लॅकलंड बार्लेननला सहज उचलून आपल्या रणगाड्यासारख्या गाडीच्या टपावर ठेवतो, तेव्हा त्या धीट खलाशाची भीतीने गाळण उडते. त्याचं जहाज पोकळ नाही, कारण पोकळ बाजू तिथे टिकणार नाहीत. ते एकमेकांना बांधलेल्या लहान तराफ्यांचं आहे. त्याचे नकाशे वाडग्याच्या आकाराचे आहेत, कारण दाट हवेतून वाकणाऱ्या प्रकाशामुळे क्षितिज चहूबाजूंनी वर उचललेलं दिसतं आणि आपण खोलगट जगात राहतो, अशी त्या लोकांची खात्री आहे. शरीर, भय, नौका, नकाशा, सगळं एकाच गुरुत्वातून निघालं. केप्लरने लांब पाय दिले होते; त्या पायांना कशाची भीती वाटते, हे विचारायला ३४० वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ध्रुवाजवळ अडकलेलं माणसांचं यान शोधून देण्याच्या कामावर बार्लेनन निघालेला असतो. यान हाताशी आल्यावर तो सौदा करतो, आणि मागतो काय, तर आयती यंत्रं नाही, विज्ञानाचं मुळापासून शिक्षण. शिकवणाऱ्या लेखकाचंच मन या मागणीत बोलतं.

क्लेमंटनंतर घराणं फोफावलं. १९५७ साली फ्रेड हॉइल यांनी ‘द ब्लॅक क्लाउड’मध्ये ग्रहच वगळला. त्यांचा बुद्धिमान जीव म्हणजे अवकाशातला एक प्रचंड ढग, आणि घन ग्रहाच्या पाठीवरही कुणी विचार करतं याचंच त्याला नवल वाटतं. हे हॉइल म्हणजे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गुरू. मराठी विज्ञानकथेला खगोलशास्त्राची शिस्त लावणाऱ्या नारळीकरांनी आपल्या गुरूंप्रमाणेच संशोधन आणि गोष्ट दोन्ही हातांनी लिहिली. पुढे हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी अतिउंच हवेतून जिवाणू गोळा करण्याच्या प्रयोगाचं नेतृत्वही त्यांनी केलं. त्यातल्या एका नव्या जातीला ‘जॅनिबॅक्टर हॉइलेई’ असं हॉइल यांचं नाव मिळालं, २००९ साली.

कार्ल सेगन आणि एडविन साल्पीटर यांनी १९७६ साली हीच रीत थेट शोधनिबंधात नेली: गुरूच्या वातावरणात तरंगणारे, बुडणारे आणि शिकार करणारे जीव हिशेबात बसतात का, याचा अभ्यास. १९८०मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉरवर्ड यांनी ‘ड्रॅगन्स एग’मध्ये न्यूट्रॉन ताऱ्यावर तिळाएवढे चीला वसवले. तिथे चुंबकीय रेषांच्या दिशेने सरकणं सोपं आणि आडवं जाणं महाकठीण, म्हणून त्यांच्या मनात दिशांची विभागणीच सोपी आणि अवघड अशी आहे. क्लेमंटचा धडा त्यांनी नीट गिरवला होता.

आज नव्याने कुणाला ही रीत हाती धरायची असेल तर गुरूचा युरोपा हा चंद्र घ्यावा. ‘युरोपा क्लिपर’ यान ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच्याकडे निघालं आहे. गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे १३ टक्के, वर कित्येक किलोमीटर जाडीचं बर्फ, खाली बहुधा पृथ्वीपेक्षा जास्त पाण्याचा समुद्र. पाण्यात विस्तव नाही, म्हणून धातू गाळणं नाही. आकाश नाही, म्हणून तारे नाहीत, वर्ष नाही, पंचांग नाही. पण साडेतीन दिवसांच्या प्रत्येक प्रदक्षिणेत गुरूची ओढ कमीजास्त होते आणि बर्फ ताणलं जातं, त्याला भेगा पडतात. त्या समुद्रातल्या बुद्धिमान जिवाला वरच्या छताची ही करकर ठरावीक वेळाने ऐकू येत असेल. एवढ्यावरून, छताच्या पलीकडे काहीतरी प्रचंड जड आहे, हे त्याला गणिताने काढता येईल का? आणि कुणी काढलंच, तर बाकीचे त्याच्यावर विश्वास ठेवतील का?