एकट्याचं गणित

1970 साली कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड टेक्निकल हायस्कूलमध्ये 25 मुलांना घेऊन 'मेसा' नावाचा उपक्रम सुरू झाला. कृष्णवर्णीय मुलं इंजिनीअर का होत नाहीत, हा प्रश्न तिथल्या गणिताच्या शिक्षिका मेरी पेरी स्मिथ आणि शेजारच्या बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक विल्बर सॉमरटन यांना सतावत होता. शाळेतच बीजगणित सोडून दिलं की पुढची वाट आपोआप बंद होते, हे त्यांनी हेरलं. मग शिकवण्या, अभ्यासगट, सहली. चांगल्या गुणांना बक्षीस म्हणून चक्क पैसेही.

पण प्रवेश मिळाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं नव्हतं. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात 1960च्या दशकाअखेर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे 80 टक्के मध्येच शिक्षण सोडत. 1971 मध्ये एडवर्ड बार्नेट आणि फ्रेड कूपर या दोन विद्यार्थ्यांनी तिथे संघटना उभी केली आणि 1975 मध्ये तिची देशव्यापी सोसायटी झाली.

मुलं का गळतात, याचा छडा मात्र बर्कलीत लागला. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. प्राध्यापकांची कारणं ठरलेली: जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही, गरिबी. तरुण संशोधक उरी ट्रेझमन यांनी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे पाहायला थेट त्यांच्यात जाऊन बसले. एकही कारण टिकलं नाही. घरच्यांनी तर या मुलांसाठी जिवाचं रान केलेलं. मुलंही नेमाने अभ्यास करत होती, पण दार लावून, एकेकटी. अडलं तर विचारायचं कुणाला? चिनी मुलं आधी आपापली गणितं सोडवत आणि रात्री एकत्र जमून एकमेकांच्या चुका काढत. आपण कुठे उभे आहोत, हे त्यांना परीक्षेआधीच कळे.

1970च्या दशकाअखेर ट्रेझमन यांनी कार्यशाळा सुरू केल्या. 'कच्च्यांचा वर्ग' हा शिक्का त्यांनी कटाक्षाने टाळला, आणि हीच त्यांची खरी हुशारी. मुलांपुढे नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड गणितं ठेवायची, ती टोळक्याने सोडवायची आणि भांडून पटवायची. कार्यशाळेतल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण बाहेरच्यांपेक्षा स्पष्टपणे वर गेले. पुढे टेक्सास विद्यापीठाने 'इमर्जिंग स्कॉलर्स' या नावाने तीच पद्धत उचलली.