जोन्सटाउनमधून वाचलेली माणसे

18 नोव्हेंबर 1978 रोजी दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या जंगलात ‘पीपल्स टेम्पल’ ह्या अमेरिकन चर्चच्या वसाहतीत 909 माणसे मेली. त्याच दिवशी जवळच्या विमानपट्टीवर आणि जॉर्जटाउन शहरात मेलेली माणसे धरली तर आकडा 918 होतो. त्यांत तीनशेहून अधिक मुले होती. जगाने ह्या घटनेला ‘सामुदायिक आत्महत्या’ म्हटले आणि अमेरिकेत ‘कूल-एड पिणे’ असा एक वाक्प्रचारच रूढ झाला. डोळे मिटून कुणाच्या तरी मागे जाणे, असा त्याचा अर्थ. मेलेल्या माणसांमध्ये दोन तृतीयांशाहून अधिक काळी होती आणि काळ्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा होता. कोणाच्या मरणाची म्हण होते आणि कोणाच्या मरणाचे स्मारक होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थी हमखास विचारतात, ‘सर, इतकी माणसे इतकी मूर्ख कशी?’ प्रश्नच चुकीचा आहे. ती माणसे तिथे का गेली, हे समजून घेतल्याशिवाय त्यांतून सुटलेल्यांना काय सोसावे लागले, हे समजणार नाही.

जिम जोन्स हा इंडियाना राज्यातला गोरा धर्मोपदेशक. 1950 नंतरच्या दशकात त्याने इंडियानापोलिस शहरात काळ्या आणि गोऱ्या माणसांना एका बाकावर बसवणारे चर्च उभे केले. 1960 मध्ये ‘डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट’ ह्या प्रतिष्ठित पंथाने त्याला आपल्यात सामील करून घेतले. 1961 मध्ये जोन्स दांपत्याने एक काळे मूल दत्तक घेतले. 1965 मध्ये चर्च कॅलिफोर्नियात गेले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावले. तेथील फिलमोर भागातली काळ्यांची वस्ती तेव्हा नगरसुधारणेच्या नावाखाली उठवली जात होती. अशा वेळी ह्या चर्चमध्ये जेवण मिळत होते, म्हाताऱ्यांना आसरा होता, व्यसनी पोरांना सांभाळणारे हात होते, गरिबाच्या मुलांना कॉलेजात शिकण्यासाठी राहण्याची सोय होती. ज्यांच्या घरात आधी कोणी शिकले नाही त्यांना ह्या सोयीचे मोल कळेल. माणूस मूर्ख असतो म्हणून अशा ठिकाणी जात नाही. बाहेर त्याला कोणी माणूस म्हणत नाही, म्हणून जातो.

पण ह्या समतेची किंमत होती. पगार चर्चकडे, घर चर्चकडे, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे चेक चर्चकडे. भर सभेत पापांचे जाहीर कबुलीजबाब, फळीचे फटके. कोऱ्या कागदांवर सह्या. न केलेल्या गुन्ह्यांच्या खोट्या कबुल्या लिहून घेतल्या जात, म्हणजे उद्या कोणी बाहेर पडून बोलू लागला तर त्याच्याच हस्ताक्षरात त्याचे तोंड बंद करता यावे. नवरा-बायकोत, मायलेकरांत संशय पेरला गेला. जोन्स भर सभेत बायबल भिरकावून देई आणि लोकांनी त्याला ‘डॅड’ म्हणावे अशी रीत पडली. धर्मग्रंथाची सत्ता गेली, पण तिच्या जागी माणसाची सत्ता आली. आणखी एक गोष्ट. सभागृह काळ्यांनी भरलेले असे, पण निर्णय घेणारे वर्तुळ बहुतांशी गोऱ्यांचे होते.

ही विसंगती प्रथम उघडपणे बोलली ती 1973 मध्ये चर्च सोडून गेलेल्या आठ तरुणांनी. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात काळ्यांना नेतृत्वात स्थान नाही, ही तक्रार होती. मात्र त्याच पत्रात त्यांनी जोन्सची थोरवीही गायिली. दोष भोवतालच्या माणसांचा, बाप निर्दोष! बाहेर पडलेल्या माणसाची पहिली अवस्था अशी असते. पाय उंबऱ्याबाहेर पडतो, मन आतच राहते.

अ‍ॅल आणि जीनी मिल्स हे दांपत्य त्यानंतर बाहेर पडले. त्यांची मूळ नावे वेगळी होती. कोऱ्या कागदांवरच्या त्यांच्या जुन्या सह्या निरर्थक ठराव्यात म्हणून त्यांनी नावेच बदलली. स्वतःचे नाव टाकल्याशिवाय मोकळे होता येऊ नये, ह्याहून गुलामीची खूण कोणती? त्यांनी बर्कली येथे अशा पंथांतून सुटलेल्यांसाठी ‘ह्यूमन फ्रीडम सेंटर’ चालवले. फेब्रुवारी 1980 मध्ये त्या दोघांचा आणि त्यांच्या मुलीचा घरातच खून झाला. ज्यांनी आधाराचे पहिले घर उभारले, त्यांचीच ही गत झाल्यावर इतरांनी तोंडे मिटून घेतली असतील तर नवल नाही.

1977 च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रीय गौप्यस्फोटाच्या भीतीने शेकडो माणसे गयानात हलवली गेली. तिथे पासपोर्ट काढून घेतले, पत्रे तपासली जाऊ लागली, ध्वनिक्षेपकावरून रात्रंदिवस जोन्सचा आवाज येऊ लागला. ‘व्हाइट नाइट’ नावाने मरणाच्या तालमी सुरू झाल्या. ज्यांच्याकडे पाहून आपल्याकडे ‘दलित पँथर’ हे नाव आले, त्या ब्लॅक पँथर चळवळीचा नेता ह्यूई न्यूटन आणि अँजेला डेव्हिस ह्यांनी सप्टेंबर 1977 मध्ये रेडिओवरून ह्या वसाहतीला पाठिंब्याचे संदेश दिले. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या बाजूची भाषा बोलणाऱ्याला तपासायचे नसते, ह्या समजुतीने चळवळीतली शहाणी माणसेही फसतात.

शेवटच्या सभेची ध्वनिफीत उपलब्ध आहे. तीत क्रिस्टीन मिलर नावाची साठीची काळी स्त्री उभी राहून जोन्सशी वाद घालते. रशियाला जाता येणार नाही का, असे विचारते. लेकरांना जगण्याचा हक्क आहे, असे सांगते. भोवतालचा जमाव तिला गप्प करतो. लहान मुलांच्या तोंडात विष पिचकाऱ्यांनी ओतले गेले आणि सभोवार पहारेकरी होते. ह्याला आत्महत्या म्हणणाऱ्यांनी ती फीत ऐकावी.

त्याच सकाळी अकरा माणसे सहलीचे निमित्त करून जंगलातून पायी निघून गेली. त्यांत लेस्ली विल्सन ही तरुण काळी आई होती. तीन वर्षांचे मूल पाठीशी बांधून ती मैलोगणती चालली. तिची आई, भावंडे, नवरा मागे राहिले आणि मेले. वसाहतीतच वाचलेली हायसिंथ थ्रॅश ही वृद्धा आपल्या खोलीत राहिली होती. सकाळी उठून बाहेर आली तेव्हा सख्खी बहीण मेलेली होती. ह्या माणसांना अमेरिकेत परतल्यावर सांत्वन मिळाले नाही. संशय मिळाला. मेलेल्यांनाही जागा नव्हती. चारशेहून अधिक बेवारस, बेओळख प्रेते अनेक दफनभूमींनी नाकारली. शेवटी मे 1979 मध्ये ओकलंडच्या एव्हरग्रीन दफनभूमीने ती एका टेकडीवर सामावून घेतली. गावकुसाबाहेरच्या माणसाला मसणवटाही नाकारला जातो, हा अनुभव असलेल्या समाजाला ही हकिकत परकी वाटणार नाही.

मग ही माणसे बरी कशी झाली? पहिली वीस वर्षे बहुतेकांची मौनात गेली. लॉरा जॉन्स्टन कोल ही गोरी कार्यकर्ती त्या दिवशी जॉर्जटाउनमध्ये होती म्हणून वाचली. परतल्यावर ती ‘सिनॅनॉन’ ह्या दुसऱ्या सामुदायिक वसाहतीत दहा वर्षे राहिली. एक घर तुटले की माणूस तसलेच दुसरे घर शोधतो. पुढे ती शिक्षिका झाली. 1998 मध्ये, विसाव्या स्मरणदिनाच्या सुमारास वाचलेली माणसे एकमेकांना भेटू लागली, आणि त्या भेटींनी आपल्याला बोलते केले असे तिने सांगितले आहे. दोन बहिणी जोन्सटाउनमध्ये गमावलेल्या रिबेका मूर ह्या धर्माभ्यासक बाईंनी आणि त्यांच्या पतींनी कागदपत्रे, ध्वनिफिती, मृतांची नावे जमवण्याचे काम हाती घेतले. वाचलेल्यांना त्यांच्या शब्दांत लिहायला जागा मिळाली. 1995 मध्ये थ्रॅशबाईंचे, 2009 मध्ये लेस्लीचे, 2010 मध्ये लॉराचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. 2011 मध्ये एव्हरग्रीनच्या टेकडीवर 918 नावांचे शिलालेख बसले. त्यांत जोन्सचेही नाव आहे. सत्तावीस नातलग गमावलेल्या काळ्या धर्मोपदेशिका जायनोना नॉरवुड ह्यांनी त्याला कडाडून विरोध केला. मारणाऱ्याचे नाव मेलेल्यांच्या ओळीत बसवायचे का? हा वाद मिटलेला नाही आणि तो मिटावा असा आग्रह धरणेही बरे नव्हे. एकाच सुरात बोलण्याची सक्ती ह्या माणसांनी पुरेशी भोगली आहे.

ह्या लेखनात एक गोष्ट वारंवार जाणवते. बाहेर पडलेल्यांपैकी अनेकांना जोन्सचा तिटकारा आहे, पण काळ्या-गोऱ्यांनी एका ताटात जेवलेल्या दिवसांचा नाही. ते दिवस खरे होते, असे ते सांगतात. त्यांचे बरे होणे ह्या भेदाशी बांधलेले आहे. स्वप्न आपले होते, बापाने ते ओलीस धरले होते. हा भेद कळला नाही तर माणूस एक तर जुन्या बापाकडे परततो, किंवा समतेचा शब्दच टाकून देतो.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेविषयी इशारा दिला होता. ती वाट अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे जाते, असे ते म्हणाले. आपण 1956 मध्ये एक धर्म सोडला तेव्हा ज्याच्याकडे गेलो, तो स्वतःला मोक्षदाता म्हणवत नव्हता, मार्गदाता म्हणवत होता. हा केवळ शब्दाचा फरक नाही. एव्हरग्रीनच्या टेकडीवरच्या नावांनी त्या फरकाची किंमत मोजली आहे. म्हणून आपल्या सभांमध्ये, संघटनांमध्ये, विहारांमध्ये एखादी क्रिस्टीन मिलर उठून प्रश्न विचारू लागली, तर तिला खाली बसवणारा हात आपला तर नाही ना, हे प्रत्येकाने पाहावे.