गोळीचे वजन बदलले की डायही नव्याने लावावी लागते

नांदेड/लातूर : 'गावठी पिस्तूल व जिवंत काडतुसे जप्त' ही बातमी नांदेड आणि लातूरच्या वाचकांना नवी नाही. काडतूस 'जिवंत' असते म्हणजे नेमके काय, आणि एकदा उडालेली पुंगळी पुन्हा 'जिवंत' करता येते का, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते. पुंगळी पुन्हा भरता येते. अमेरिकेत व युरोपातील काही देशांत हा नेमबाजांचा रीतसर छंद आहे. पण त्यात गोळीचे वजन थोडे जरी बदलले तरी सारा हिशेब बदलतो. भारतात हे काम परवान्याखेरीज करणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यामागची कारणे समजून घेणे परवानाधारकांच्या हिताचे आहे.

काडतुसाचे चार भाग

आधुनिक काडतुसात पितळी पुंगळी, बुडाशी बसवलेली टोपी, आतील धूरविरहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी असे चार भाग असतात. घोड्याचा आघात झाला की टोपी पेटते, तिच्यामुळे दारू पेटते आणि तयार झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीबाहेर फेकली जाते. मागे उरते ती रिकामी पुंगळी. घटनास्थळी पोलीस पंचनाम्यात जिची नोंद करतात, ती हीच.

हा दाब किती असतो? ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसासाठी अमेरिकी उद्योगसंस्थेने घालून दिलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकात साधारण ३० ते ३५ पौंड हवा भरतात. म्हणजे हातात धरलेल्या पिस्तुलात क्षणभर चाकाच्या हजारपट दाब निर्माण होतो. चूक झाली तर हाच दाब पुंगळी व नळी फोडून नेम धरणाऱ्याच्याच हातावर आणि डोळ्यांवर उलटतो.

डायचे काम

पुंगळी भरण्यासाठी हाताने चालवायचा दाबयंत्राचा सांगाडा वापरतात आणि त्यात पोलादी डाय बसवतात. पिस्तुलाच्या काडतुसासाठी साधारणतः तीन डाय लागतात. पहिली डाय उडताना फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापावर आणते व जुनी टोपी बाहेर ढकलते. दुसरी पुंगळीचे तोंड किंचित पसरवते, म्हणजे गोळी सरळ बसते. तिसरी डाय गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत आत बसवते आणि पसरवलेले तोंड पुन्हा मिटवून गोळी पकडून ठेवते. बऱ्याच ठिकाणी हे शेवटचे काम चौथ्या, स्वतंत्र डायवर करतात.

गोळीचे वजन बदलले म्हणून पहिल्या डायला सहसा हात लावावा लागत नाही, कारण तिचा संबंध पुंगळीच्या मापाशी असतो. दुसरी डाय क्वचित थोडी बदलावी लागते. खरा फरक पडतो तो गोळी बसवणाऱ्या आणि तोंड मिटवणाऱ्या डायवर.

वजन वाढले की लांबी वाढते

गोळीचे वजन 'ग्रेन' या मापात सांगण्याची जुनी रीत आजही चालू आहे. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. ९ मिलिमीटर पिस्तुलासाठी ११५, १२४ आणि १४७ ग्रेन, म्हणजे अनुक्रमे सुमारे साडेसात, आठ आणि साडेनऊ ग्रॅम वजनाच्या गोळ्या प्रचलित आहेत. तिघींचा व्यास एकच असतो. त्यामुळे जड गोळी ही लांब गोळी असते.

एक सोपे गणित पाहू. समजा पुंगळी १९ मिलिमीटर आणि भरलेल्या काडतुसाची पूर्ण लांबी २९ मिलिमीटर आहे. १४ मिलिमीटर लांबीची हलकी गोळी पुंगळीत ४ मिलिमीटर आत जाईल. डाय तशीच ठेवून त्याच आकाराच्या टोकाची, पण साडेसोळा मिलिमीटर लांबीची जड गोळी बसवली, तर ती साडेसहा मिलिमीटर आत जाईल. पुंगळीची आतली खोली १५ मिलिमीटर धरली, तर दारूसाठी ११ ऐवजी साडेआठ मिलिमीटरच जागा उरते. म्हणजे जागा जवळपास चौथ्या हिश्श्याने घटते. दारू मात्र तेवढीच, आणि ढकलायची गोळी अधिक जड. दाब मर्यादेबाहेर जाण्यास ही दोन्ही कारणे एकाच वेळी हातभार लावतात.

त्यामुळे डाय नव्याने लावणे हा उपायाचा केवळ अर्धा भाग आहे. काडतुसाची लांबी हवी तितकी वाढवता येत नाही, कारण ते मॅगझिनमध्ये आणि नळीच्या घरात बसले पाहिजे. म्हणून दारूचे प्रमाणही त्या वजनाच्या गोळीसाठी उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातूनच घ्यावे लागते. एका वजनाचे कोष्टक दुसऱ्याला लावणे ही या छंदातील सर्वांत घातक चूक मानली जाते.

चाकाचा आठवा भाग

बहुतेक डायचा बाहेरचा आटा एका इंचात १४ फेऱ्यांचा असतो. डाय एक पूर्ण फेरी फिरवली की ती सुमारे १.८ मिलिमीटर वर किंवा खाली सरकते. एक अष्टमांश फेरी म्हणजे पाव मिलिमीटरहूनही थोडी कमी. हाताला न जाणवणारा हा फरक व्हर्निअर कॅलिपरवर स्पष्ट दिसतो. गोळीच्या टोकाचा आकारही महत्त्वाचा असतो. गोल टोकावरून चपट्या टोकाच्या गोळीकडे वळताना डायमधील दांडा निराळ्या ठिकाणी टेकतो आणि वजन सारखे असूनही लांबी बदलते.

म्हणूनच जेथे हा छंद कायदेशीर आहे, तेथील जाणकार नवे वजन घेताना आधी दारू व टोपी न भरलेले नमुना काडतूस तयार करतात. डाय वर घेऊन सुरुवात करतात, थोडीथोडी खाली आणत दर वेळी लांबी मोजतात आणि माप जुळल्यावरच अडकण कडी घट्ट करतात. तोंड मिटवण्याचा दाबही तपासावा लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये पकड सैल राहिली तर आधीच्या गोळीच्या धक्क्याने पुढच्या काडतुसातील गोळी बाहेर सरकून चक्र अडते. स्वयंचलित पिस्तुलात काडतूस नळीत जाताना गोळी आत दबून दाब वाढतो.

नळीचाही विचार

गोळीला फिरकी देण्यासाठी नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. लांब गोळी स्थिर राहण्यासाठी जलद फिरकी लागते. अमेरिकी सैन्याच्या जुन्या ५.५६ मिलिमीटर रायफलीत ५५ ग्रेनच्या गोळीसाठी १२ इंचांत एक फेरी पुरत असे. पुढे ६२ ग्रेनची लांब गोळी आली, तेव्हा नळीही ७ इंचांत एक फेरीची करण्यात आली. डाय अचूक लावली तरी नळी साथ देत नसेल तर नेम साधत नाही.

कायदा काय सांगतो

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही तीत समावेश होतो. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाचा भंग करून दारूगोळा तयार करणाऱ्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कारावास होऊ शकतो. याच दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दारू स्वतः ठासून भरण्याची परंपरा आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत टिकून आहे. पिकांच्या रक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. किनवट, माहूरच्या जंगलालगत रानडुकरांचा उपद्रव सोसणाऱ्या शेतकऱ्यांना ही बंदूक परिचित आहे. मात्र तिच्यातील काळी दारू आणि काडतुसातील धूरविरहित दारू या सर्वस्वी भिन्न वस्तू आहेत. एकीच्या जागी दुसरी वापरणे जिवावर बेतू शकते.

क्रीडा नेमबाजांनाही पुनर्भरणीचा प्रश्न क्वचितच पडतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारातील पॉइंट टू टू काडतुसात पेटणारे मिश्रण पुंगळीच्या काठातच असते आणि घोड्याने तो काठ चेपतो. त्यामुळे ती पुंगळी पुन्हा वापरता येत नाही.

परवानाधारकांसाठी

मुदखेड येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आणि चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. अशा दलांना लागणारी काडतुसे खडकी व वरणगाव येथील सरकारी कारखान्यांत तयार होतात. २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुणेस्थित कंपनीच्या अखत्यारीत आहेत. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे उमटवलेली असतात.

नांदेड व लातूरमधील परवानाधारकांनी काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावीत आणि परवान्यावर त्यांची नोंद करून घ्यावी. कोणी जुन्या पुंगळ्या स्वस्तात भरून देतो म्हणाला, तर त्याने गोळीचे वजन कोणते धरले, डाय कशी लावली आणि दारू किती घातली, हे बाहेरून पाहून कोणालाही ओळखता येत नाही. ते कळते घोडा ओढल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो.