वर्तन-चाचणी केंद्र, सामायिक
विद्यापीठातील अनेक विभागांना प्रयोगशाळेतील उंदरांची स्मृती, भीती व वेदना तपासण्यासाठी मिळून वापरता येणारी सुविधा. ध्वनिरोधक खोल्या आणि हालचाल टिपणारी कॅमेरा-यंत्रणा एकेका विभागाला परवडत नाही; म्हणून खर्च वापरशुल्कातून वाटून घेतात.

केंद्राचा खरा कस नेमकेपणात लागतो. रिचर्ड मॉरिस यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेल्या जल-चक्रव्यूहात उंदीर गढूळ केलेल्या पाण्याखाली दडवलेला चौथरा भोवतालच्या खुणांवरून शोधतो. चाचण्यांच्या मधल्या काळात कोणी भिंतीवरचा फलक हलवला, तर सगळी मालिका वाया जाऊ शकते. त्यामुळे खोलीची मांडणी, दिवे, आवाज आणि चाचणीची वेळ यांची नोंदवही व्यवस्थापकाला काटेकोरपणे ठेवावी लागते. कोरड्या उपकरणांत आधीच्या प्राण्याचा वास राहू नये म्हणून ती दरवेळी पुसतात.

ही काळजी अतिरेकी मुळीच नाही. क्रॅब, वॉल्स्टेन व ड्युडेक यांनी १९९९ मध्ये तीन प्रयोगशाळांत त्याच त्या वंशांचे उंदीर, सारखी उपकरणे आणि सारखी पद्धत वापरली. तरीही काही चाचण्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. प्रयोगकर्ता पुरुष असेल, तर त्याच्या वासाने उंदरांचा ताण वाढतो व वेदनेची प्रतिक्रिया मंदावते, असे मॅकगिल विद्यापीठातील गटाला २०१४ मध्ये आढळले. त्यामुळे वेळापत्रकात चाचणी कोण घेणार, हेही नोंदवायला हवे. भारतात अशा प्रयोगांसाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची पूर्वमान्यता बंधनकारक आहे.