सात वर्षांचे मोटारकर्ज : हप्ता हलका, बोजा जड

मोटारीच्या शोरूममध्ये किमतीपेक्षा अधिक चर्चा होते ती मासिक हप्त्याची. ‘महिन्याला किती झेपेल?’ हा विक्रेत्याचा पहिला प्रश्न असतो. हप्ता जड वाटतो असे ग्राहकाने सांगितले, की किंमत जागच्या जागी राहते आणि कर्जाची मुदत वाढते. तीन वर्षांची पाच होतात, पाचाची सात. अनेक बँका आज मोटारीसाठी सात वर्षांपर्यंत कर्ज देऊ करतात. अमेरिकेत तर ८४ महिन्यांची मोटारकर्जे केव्हाच रुळली आहेत.

लांब मुदतीमुळे मोटार आवाक्यात आल्यासारखी वाटते. परंतु आवाक्यात येतो तो हप्ता. मोटार मात्र अधिक महाग झालेली असते. घराचा हप्ता, मुलांचे शिक्षण आणि निवृत्तीची तरतूद या सर्वांना एकाच पगारातून वाट काढावी लागते. अशा कुटुंबाने सही करण्यापूर्वी हा फरक आकड्यांत समजून घेतला पाहिजे.

मुदतीचे गणित

आठ लाख रुपयांचे कर्ज, घटत्या शिलकीवर वार्षिक ९ टक्के व्याज, असे उदाहरण घेऊ. मुदतीनुसार हप्ता आणि एकूण व्याज साधारणपणे असे येते :

३ वर्षे : हप्ता २५,४४० रुपये, व्याज १ लाख १६ हजार
४ वर्षे : हप्ता १९,९०८ रुपये, व्याज १ लाख ५६ हजार
५ वर्षे : हप्ता १६,६०७ रुपये, व्याज १ लाख ९६ हजार
६ वर्षे : हप्ता १४,४२० रुपये; व्याज २ लाख ३८ हजार
७ वर्षे : हप्ता १२,८७१ रुपये, व्याज २ लाख ८१ हजार

तीन वर्षांच्या तुलनेत सात वर्षांचा हप्ता जवळपास निम्मा होतो, तर व्याज अडीच पटींच्या घरात जाते. एवढे बहुतेकांच्या लक्षात येते. या आकड्यांत दडलेली दुसरी गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

मुदत तीनवरून चार वर्षे केली, तर हप्ता साडेपाच हजारांनी उतरतो. चारवरून पाच केली, तर ३,३०० रुपयांनी. पाचवरून सहा केली, तर सुमारे २,२०० रुपयांनी आणि सहावरून सात केली, तर अवघ्या दीड हजाराने. वाढविलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत मात्र दरवेळी ४० ते ४३ हजार रुपये एवढीच राहते. म्हणजे मोबदला तोच, पण मिळणारा दिलासा दरवर्षी आटत जातो. सातवे वर्ष पदरात पाडून घेणारा ग्राहक रोजचे सुमारे पन्नास रुपये वाचवितो आणि त्यासाठी ४३ हजार रुपये जादा व्याज भरतो. सहा वर्षांचा हप्ता झेपत नाही आणि सात वर्षांचा झेपतो, एवढा अंदाजपत्रकाचा काठ निसरडा असेल, तर अडचण मुदतीची नसून मोटारीच्या किमतीची आहे, हे ओळखावे.

‘फ्लॅट’ दराचा भुलभुलैया

व्याजाचा दर कोणत्या पद्धतीने सांगितला जातो, याकडेही लक्ष हवे. ‘केवळ ५ टक्के फ्लॅट’ असे ऐकले, की ९ टक्क्यांपेक्षा ते बरेच स्वस्त वाटते. प्रत्यक्षात आठ लाखांवर ५ टक्के फ्लॅट दराने सात वर्षांचे व्याज २ लाख ८० हजार होते; म्हणजे वरच्या उदाहरणाइतकेच. फ्लॅट पद्धतीत मुद्दल फिटत गेले तरी व्याज मूळ रकमेवरच आकारले जाते. त्यामुळे दोन कर्जांची तुलना नेहमी घटत्या शिलकीवरील दरानेच करावी.

कर्जाची बाकी आणि मोटारीचे मोल

घराची किंमत काळानुसार वाढण्याची आशा असते. मोटार शोरूमच्या दारातून बाहेर पडली, की तिची किंमत उतरू लागते. विम्यासाठी मोटारीचे जे मूल्य धरले जाते, त्याला ‘आयडीव्ही’ म्हणतात. त्यासाठीचे घसाऱ्याचे प्रचलित मापच पाहा : एक ते दोन वर्षे वयाच्या मोटारीसाठी २० टक्के, दोन ते तीन वर्षांसाठी ३० टक्के, तीन ते चार वर्षांसाठी ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांसाठी ५० टक्के. पाच वर्षांनंतरचे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते.

लांब मुदतीच्या कर्जात पहिली काही वर्षे मुद्दल सावकाश फिटते. वरील सात वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातील सहा हजार रुपये व्याजात जातात आणि ६,८७१ रुपये मुद्दलात जमा होतात. पाच वर्षांच्या कर्जात मात्र पहिल्याच हप्त्यातून १०,६०७ रुपयांचे मुद्दल फिटते.

धोका उभा राहतो तो लांब मुदतीला अल्प डाउन पेमेंटची जोड मिळाली, की. दहा लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची मोटार आहे, असे समजा. पथकर, नोंदणी आणि विमा धरून ‘ऑन रोड’ किंमत अकरा लाखांच्या पुढे जाते. त्यांपैकी अकरा लाख रुपये सात वर्षांच्या कर्जाने उभे केले, तर दीड वर्षानंतर सुमारे ९ लाख १९ हजार रुपये बाकी असतात. घसाऱ्याच्या मापाने मोटारीचे मूल्य मात्र आठ लाख असते. अडीच वर्षांनंतर बाकी ७ लाख ८३ हजार आणि मूल्य सात लाख. साडेतीन वर्षांनंतरही मूल्यापेक्षा बाकी सुमारे ३५ हजारांनी अधिकच असते.

या काळात मोटार चोरीस गेली अथवा अपघातात पूर्णतः निकामी झाली, तर विम्याची रक्कम प्रथम कर्जदात्याकडे जाते आणि उरलेली बाकी मालकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. मोटार नाही, पण देणे आहे, अशी ही अवस्था. नोकरी गेल्यामुळे मोटार विकावी लागली, तरी हाच अनुभव येतो. हप्ते थकल्याने बँकेने मोटार ताब्यात घेऊन लिलाव केला आणि पुरेशी रक्कम आली नाही, तर उरलेल्या बाकीची जबाबदारी कर्जदारावरच राहते. शिवाय पतगुणांकन घसरते ते वेगळेच.

याउलट, याच मोटारीसाठी आठ लाखांचेच कर्ज घेतले, तर सात वर्षांची मुदत असूनही दीड वर्षानंतरची बाकी ६ लाख ६८ हजार, म्हणजे मोटारीच्या मूल्यापेक्षा बरीच कमी राहते. मुदतीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व डाउन पेमेंटला आहे, ते यासाठी. मोठे कर्ज घेणे अपरिहार्यच असेल, तर पहिल्या काही वर्षांसाठी विम्याला ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे पूरक संरक्षण जोडता येते. त्यात काय समाविष्ट आहे आणि ते किती वयापर्यंतच्या मोटारीला मिळते, हे कंपनीनुसार तपासावे.

बाजाराचा तडाखा

मोटारीचे मोल केवळ वयाने उतरत नाही. सरकारच्या एका निर्णयानेही उतरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला. त्यापूर्वी लहान पेट्रोल मोटारींवर उपकरासह २९ टक्के कर होता. कपातीचा पूर्ण लाभ ग्राहकाला मिळाला, तर नव्या मोटारीची किंमत सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरते. नवी मोटार स्वस्त झाली, की जुनीचा भावही खाली सरकतो. नव्या खरेदीदारांच्या दृष्टीने ही स्वागतार्ह बाब असली, तरी काही महिनेच आधी पूर्ण कर्जावर मोटार घेतलेल्यांची बाकी त्यामुळे एका रुपयानेही घटली नाही.

वॉरंटी संपते, हप्ता उरतो

कंपनीची मूळ वॉरंटी बहुधा दोन-तीन वर्षांची असते. त्यानंतर टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन हे खर्च एकेक करून डोके वर काढतात. पाच वर्षांत कर्ज फिटले असेल, तर मोकळ्या झालेल्या हप्त्यातून देखभाल होते आणि पुढील मोटारीसाठी पुंजीही जमते. सात वर्षांच्या कर्जात मात्र मोटार जुनी होत असताना हप्ता आणि दुरुस्ती दोन्ही एकदम सोसावे लागतात. मध्येच मोटार बदलण्याची इच्छा झाली, तर जुनी बाकी फेडून बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळविणे आणि आरटीओत आरसीवरील कर्जाची नोंद काढून घेणे, हे सोपस्कार आलेच.

घर घेण्याचा विचार असणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. गृहकर्जाची पात्रता ठरविताना बँका चालू असलेले सर्व हप्ते उत्पन्नातून वजा धरतात. सुमारे तेरा हजारांच्या हप्त्यात, ८.५ टक्के दराने वीस वर्षांसाठी, अंदाजे पंधरा लाखांचे गृहकर्ज बसते. लांब मुदतीचे मोटारकर्ज घराच्या स्वप्नातील एवढी जागा सात वर्षे अडवून ठेवते.

लांब मुदत केव्हा योग्य?

सात वर्षांची मुदत सरसकट त्याज्य ठरविणे योग्य नव्हे. ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे, त्यांच्यासाठी लहान हप्ता हे संकटकाळातील संरक्षण ठरते. मोटार दहा-बारा वर्षे वापरण्याचा निश्चय असेल, तर कर्ज फिटल्यानंतरही तिचा उपयोग होतो. ज्यांच्यावर अधिक महाग दराचे दुसरे कर्ज आहे, त्यांनी मोटारीचा हप्ता लहान ठेवून वाचलेल्या रकमेतून ते महाग कर्ज आधी फेडणे शहाणपणाचे असते.

यातून एक मधला मार्गही निघतो. कर्ज सात वर्षांचे घ्यावे, पण भरणा पाच वर्षांच्या हप्त्याइतका करावा. जादा रक्कम मुद्दलात जमा होत गेली, तर कर्ज पाच वर्षांतच फिटते आणि व्याजही तेवढेच पडते. अडचणीच्या महिन्यात मात्र लहान हप्त्याचा आधार राहतो. यासाठी दोन अटी आहेत : पहिली मनाच्या शिस्तीची आणि दुसरी कराराची. बदलत्या व्याजदराची जी कर्जे व्यक्तींनी व्यवसायाव्यतिरिक्त कारणांसाठी घेतली आहेत आणि १ जानेवारी २०२६ रोजी वा त्यानंतर मंजूर झाली आहेत, त्यांवर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मुदतपूर्व फेडीचे शुल्क आकारता येत नाही. मात्र अनेक मोटारकर्जे स्थिर दराची असतात आणि त्यांना ही सवलत आपोआप लागू होत नाही.

सही करण्यापूर्वी

* १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यातील वार्षिक टक्केवारी दर पाहावा. प्रक्रिया शुल्कासारखे खर्च त्यात धरलेले असतात.
* दर स्थिर आहे की बदलता, मुदतपूर्व फेडीवर शुल्क किती आणि अंशतः फेड करता येते काय, हे लेखी विचारून घ्यावे.
* हप्त्याबरोबर एकूण व्याजाचा आकडा मागावा आणि तो मोटारीच्या किमतीत मिळवून पाहावा.
* किमान २० टक्के डाउन पेमेंट, शक्यतो चार-पाच वर्षांची मुदत आणि मोटारीचा एकूण मासिक खर्च उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, हा ढोबळ नियम उपयुक्त आहे.
* पगारदाराला वैयक्तिक वापराच्या पेट्रोल वा डिझेल मोटारीच्या कर्जव्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. विद्युत वाहनांसाठीची ८०ईईबी कलमाची सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

पाच वर्षांच्या हप्त्यात न बसणारी मोटार सात वर्षांच्या हप्त्यात बसते, म्हणजे ती परवडते असे नव्हे. अशा वेळी मुदत वाढविण्याऐवजी एक श्रेणी खालची मोटार, चांगल्या स्थितीतील जुनी मोटार किंवा आणखी वर्षभराची बचत, हे पर्याय पुष्कळदा स्वस्त पडतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे म्हणतात. लांब मुदतीच्या कर्जाने अंथरूण मोठे झाल्याचा भास तेवढा होतो. वाढलेला भाग उसनवारीचा असतो आणि त्याचे भाडे सात वर्षे चुकवावे लागते.