घारापुरीचा नर्तक

वेरूळचे क्रमांक २९ चे लेणे, म्हणजे धुमार लेणे, आम्ही किती वेळा पाहिले असेल याची मोजदाद नाही. अंकुशनगराहून ते एका दिवसात जाऊन-येऊन होते, म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या सहली तिकडेच वळतात. घारापुरीला मात्र आम्ही फार उशिरा गेलो आणि आत पाऊल ठेवताच परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटलेच नाही. तीच खांबांची दाटी, चारही बाजूंनी दारे असलेला, द्वारपालांनी राखलेला तोच गाभारा. फरक इतकाच की वेरूळला शेजारी धबधबा कोसळतो आणि येथे खाली समुद्र आहे.

समुद्र म्हटल्यावर जाहिरातीतली पांढरी वाळू डोळ्यांसमोर आणू नये. गेटवेपासून तासाभराच्या लाँचप्रवासानंतर दिसतो तो चिखल आणि खारफुटी. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर ही बेटावरच्या वस्त्यांची नावेच सांगतात की हा किनारा विहाराचा नव्हे, ये-जा करणाऱ्या गलबतांचा होता.

मुख्य लेण्यात शिरणारा प्रवासी सरळ दक्षिणेच्या भिंतीकडे, सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्रिमुखाकडे ओढला जातो. ब्रह्मा, विष्णू, महेश असे आम्हीही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. ते चूक होते. ती तिन्ही मुखे शिवाचीच. डावीकडचा उग्र अघोर, मधला शांत तत्पुरुष, उजवीकडचा कोमल, स्त्रीरूपाकडे झुकणारा वामदेव. सदाशिवाची उरलेली मुखे दगडातच राहिली आहेत, असे मानतात. एकदा पाठ्यपुस्तकात बसलेली चूक काढणे लेणे खोदण्याइतकेच अवघड असावे!

या ओढीत दाराजवळचे दोघे मागे पडतात. उत्तरेच्या प्रवेशाशी डाव्या हाताला योगीश्वर शिव, पद्मासनात निश्चल. उजव्या हाताला नटराज. एकाच देवाची निश्चलता आणि नृत्य समोरासमोर ठेवून मग भाविकाला आत घेणारा तो स्थपती कोण? नटराजाचे पाय तुटले आहेत, आठ हातांपैकी बरेचसे गेले आहेत. तरीही कमरेच्या वळणावरून आणि किंचित कललेल्या मस्तकावरून नाच चालूच आहे हे कळते. गणेश, कार्तिकेय, पार्वती, ब्रह्मा, विष्णू हे सारे प्रेक्षक. वेरूळच्या २१ व्या लेण्यात, रामेश्वरात, हाच नाच वाद्यांच्या साथीने पाहिलेला असल्याने आम्हांला येथले हरवलेले हातपाय मनात भरून काढता आले.

ज्या शिलालेखाने कर्त्याचे नाव सांगितले असते तो गेला. १५३४ मध्ये बेट पोर्तुगीजांकडे आले. दिओगो दो कूतो लिहितो की प्रवेशद्वारावरचा लेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तेथे तो कोणालाच वाचता आला नाही, आणि पुढे तो हरवला. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले तो १८६४ मध्ये हलवताना फुटला. सांधलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. १८७५ मध्ये तर इंग्लंडच्या युवराजाला लेण्यातच मेजवानी दिली गेली. नटराजासमोर कोणता बँड वाजला असेल, हा विचार आम्हांला काही सोडत नाही.

लेख नाही, म्हणून पुरावा शोधावा लागला तो शैलीत आणि नाण्यांत. बेटावर कलचुरी कृष्णराजाची नाणी सापडली; त्यांवर तो स्वतःला परममाहेश्वर म्हणवतो. वॉल्टर स्पिंक यांनी जोगेश्वरी, घारापुरी आणि वेरूळची २१ व २९ ही लेणी एका ओघात, सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास, मांडली. मतभेद आहेत, पण पूर्वेच्या दालनापाशी पायऱ्यांवर बसलेले सिंह पाहताना धुमार लेण्याचे सिंह न आठवणारा माणूस मराठवाड्याचा नसावा.

१९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा ठरली. बेटावरच्या गावांना कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या तारेने. सायंकाळी शेवटच्या लाँचची हाक आली तेव्हा आम्ही पुन्हा दाराशी आलो. उतरत्या उन्हात नटराजाच्या तुटक्या दंडावर क्षणभर उजेड होता, आणि समोरचा योगी अंधारात बुडाला होता.