रिकाम्या चौकटीचा इतिहास

शाळेच्या गुणपत्रकांत शून्य आणि गैरहजर या गोष्टी निराळ्या. शून्य मिळविणारा निदान परीक्षेस बसलेला तरी असतो. एके वर्षीं सरासरी काढतांना मी एका आजारी मुलाची रिकामी चौकट शून्य धरली. बिचारा क्रमांकांत खालीं घसरला आणि मला सारा निकाल पुन्हां लिहावा लागला. रिकामी चौकट भरलेली समजण्याची ही खोड संगणकाच्या जगांत कशी शिरली, तें आज सांगावयाचें आहे.

टोनी होअर हे १९३४ सालीं कोलंबो येथें जन्मलेले इंग्रज शास्त्रज्ञ. १९६५ सालीं ते 'आल्गॉल डब्ल्यू' या संगणकभाषेंतील निर्देशांची रचना करीत होते. निर्देश म्हणजे यंत्राच्या स्मृतींत माहिती कोठें ठेवली आहे त्याचा पत्ता. प्रत्येक निर्देशाचा वापर निर्धोक असावा व तशी तपासणी कंपायलरनेंच आपोआप करावी, असा त्यांचा हेतु होता. परंतु पत्ता नसेल तेथें 'नल्' लिहिण्याची सोय करणें इतकें सोपें होतें कीं, मोह आवरला नाहीं, असें त्यांनींच पुढें सांगितलें. २००९ सालीं लंडन येथील एका परिषदेंत त्यांनीं या सोयीस आपली 'अब्ज डॉलरांची चूक' म्हटलें. स्वतःची चूक अशी चारचौघांत वाचून दाखविणारे विद्वान् थोडे!

या चुकीची मौज अशी कीं ती लिहितांना दिसत नाहीं. प्रोग्राम बिनतक्रार तयार होतो. पुढें केव्हां तरी तो नसलेल्या पत्त्यावर जातो व मध्येंच कोसळतो.

उपाय निराळ्याच घराण्यांतून आला. एडिंबरो येथें रॉबिन मिल्नर यांनीं १९७० नंतरच्या दशकांत 'एमएल' भाषा घडविली. तिच्या वंशांतील भाषांत संदिग्ध वस्तु जणू पेटींत ठेवतात. आंत 'कांहीं' असेल किंवा 'नाहीं' असेल. पेटी न उघडतां आंतील संख्येची बेरीज करूं गेल्यास कंपायलरच अडवितो. हीच रीत २०१४ सालीं 'स्विफ्ट'मध्यें व पुढल्या वर्षीं 'रस्ट'च्या पहिल्या स्थिर आवृत्तींत दिसली. 'जावा'नेंही २०१४ सालीं पेटी आणली. पण तेथें खुद्द पेटीच्या जागींच 'नल्' असूं शकतो!

पळवाटाही आहेत. स्विफ्टमध्यें उद्गारचिन्ह लिहून पेटी बळेंच उघडतां येते. ती रिकामी निघाल्यास प्रोग्राम जागच्या जागीं थांबतो. दुसरी वाट अधिक सभ्य दिसते: पेटी रिकामी असेल तर अमुक किंमत धरावी, असें आधींच लिहून ठेवणें. त्यानें प्रोग्राम थांबत नाहीं. मात्र ती किंमत शून्य धरली, तर माझ्या त्या आजारी विद्यार्थ्याची जी गत झाली तीच पुन्हां होते, आणि या वेळीं कोणी तक्रारही करीत नाहीं.